सासूबाईंचे हात आणि मयुराचे लंगोट

माझ्या सासूबाई, जिजाबाई, भिवापूरहून आमच्या नंदनवनच्या घरी राहायला आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. एकीत वर्षाचं तिखट, दुसरीत लंगोट. जुन्या सुती साड्या उकळून, फाडून, हातानं शिवलेले चाळीस लंगोट. पोरीला टोचू नये म्हणून प्रत्येकाची शिवण बाहेरून घातलेली. मी ते हातात घेतले आणि म्हणाले काय? "आई, आजकाल हे कोण वापरतं?"

मी अशीच आहे, जिभेला हाड नाही.

मयुरा तेव्हा पाच महिन्यांची होती. माझी सुटी संपत आली होती, कोराडीच्या ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं, आणि पोरीला काय बांधायचं यावरून घरात रोज कटकट. नवरा दुर्गेश म्हणे, "फेकायचे डायपर आण नं, काहून डोक्याले ताप?" सासूबाई म्हणत, "लेकराच्या अंगाले हवा लागू दे वं." मी मात्र आठ दिवस मोबाइलवर वाचून हायब्रिड डायपर मागवले. वरचं कव्हर धुऊन पुन्हा वापरायचं, आतलं पॅड तेवढं बदलायचं. कचरा कमी, धुणं कमी, आणि मैत्रिणींत मिरवायला मस्त! शेवटी वाटणी झाली. मी ऑफिसात असताना आजीचे लंगोट, मी घरी आले की माझं हायब्रिड, आणि फेकायचं डायपर फक्त बाहेर जाताना.

सासूबाईंनी पंचवीस वर्षं भिवापूरला सातऱ्यावर काम केलं. मिरची वाळवून तिचे देठ खुडायच्या जागेला तिकडे सातरा म्हणतात. दिवसभर खुडून हातांची आग आग व्हायची. दुर्गेश तान्हा होता, तिथंच झाडाला बांधलेल्या झोळीत असायचा. तो रडला की त्या आधी हाताला तेल चोळायच्या, मग बेसन, मग साबण. आणि एवढं करून बोट स्वतःच्या पापणीला लावून पाहायच्या. झोंबलं की पुन्हा धुवायच्या. पोरगं रडून रडून लाल व्हायचं, पण पापणी शांत राहिल्याशिवाय त्याला हात लावला नाही. काम सोडून नऊ वर्षं झाली, तरी मयुराला घेण्याआधी त्यांचं बोट पापणीला जायचंच. मी दुर्गेशला या पापणीला बोट लावण्याची नक्कल करून दाखवायचे आणि आम्ही दोघं हसायचो.

ऑफिस सुरू होऊन तिसरा आठवडा असेल. संध्याकाळी घरी येऊन पाहते तर मयुराच्या जांघेत लालभडक वळ, आणि पोरगी किंचाळत होती. शेजारच्या यमुताई बसायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर माझं तोंड सुटलं. "आई, तुमचे मिरचीचे हात! किती धुतले तरी जातं का ते? आणि त्याच हातांनी लंगोट धुता!"

सासूबाईंनी एकदा आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या, हात पदरात गुंडाळून. आत मी घरून नेलेला लंगोट आणि हायब्रिडचं कव्हर दोन्ही दाखवलं. कव्हर हातात घेऊन डॉक्टरांनी विचारलं, "हे कव्हर किती दिवसांनी धुता?" मी पॅड बदलायचे आणि कव्हर ओल्या फडक्यानं पुसून तेच परत लावायचे. तीन-तीन दिवस! डॉक्टर म्हणाले, "बघा, वळ बरोबर इलॅस्टिकच्या जागी आहेत. लंगोटाला कुठं असतं इलॅस्टिक?"

बाहेर आले तशा सासूबाई उठल्या. "माह्यामुळंच झालं नं वं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढंसं वाक्य होतं. मी म्हणाले, "मलम दिलंय, होईल बरं." आणि मूग गिळून रिक्षात बसले. घरी येऊन ती कव्हरं मात्र गुपचूप गरम पाण्यात टाकली.

चार दिवस मी गप्प राहिले. रोज वाटायचं, आज सांगू. मी घरी असले की सासूबाई मयुराला घेईनात. "तूच घे वं," म्हणायच्या आणि दूर सरायच्या. एकदा यमुताईंनी अंगणातून पोरीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं बाप्पा, पोरीनं लय सोसलं." मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं, आणि पोळ्या लाटत राहिले. लाज वाटते सांगायला, पण लाटत राहिले.

पाचव्या दिवशी ऑफिसातून लवकर सुटले. दुपारी दीडलाच घरी पोचले. मयुरा रडून राहिली होती. आत डोकावले तर सासूबाई तिचा लंगोट बदलत होत्या. दोन्ही हातांत भाजीच्या पातळ पिशव्या घातलेल्या, मनगटाला रबर लावून. पिशव्या निसटत होत्या, गाठ बसत नव्हती, आणि त्या पोरीला म्हणत होत्या, "थांब माय, थांब, झालंच."

मी तिथंच खाली बसले. "आई, तुमच्या हातानं नाही झालं. मीच कव्हर धुतलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं मला."

रागावतील, चार शब्द सुनावतील, असं वाटलं. सुनावायलाच हवं होतं. त्यांनी पिशव्या घातलेले हात पुढे केले.

"मंग काढू का वं पिशव्या?"

मीच रबर काढले. आतले तळवे घामानं पांढरे पडून सुरकुतले होते, मनगटावर रबराचे लाल वळ उठले होते. मी ते हात धरून रडत होते आणि त्यांचं लक्ष मयुराकडे होतं. त्यांनी हात सोडवून घेतला, पदराला पुसला, बोट पापणीला लावलं. जरा थांबल्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "घेऊ तिले?"