चार पाट्यांचं वजन

माझी नोकरी टिकली ती दिवाळे कोळीवाड्यातल्या एका मुलीमुळे. विद्यापीठात पॉवरलिफ्टिंगचा क्लब तिनं एकटीनं सुरू केला. जोडीला कुणी नव्हतं, म्हणून जिममध्ये झाडू मारणाऱ्या मला, सातवीत शाळा सुटलेल्या लातूरकडच्या बाईला, वजनाचा बार अडला तर धरायला तिनं मागं उभं केलं.

"ताई, टेन्शन नको घेऊ. मी हाक मारल्याशिवाय बारला हात नाय लावाचा."

तिची आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकते. वजनं चढवताना ती किलो म्हणायची नाही. "आज आईच्या चार पाट्या," म्हणायची.

क्लबला परवानगी द्यायची का, हे बघायला क्रीडा विभागाचे सर आले. खांद्यावर बार घेऊन ती खाली बसली, उठताना थरथरली, आणि मी घाबरून बार धरला. हाकेआधी हात लागला, म्हणून प्रयत्न बाद झाला.

"या बाईला कुणी उभं केलं? उद्यापासून इथं दिसायला नको!" सर ओरडले.

"मीच, सर. ती क्लबची हाय. ती मागं नसेल तर मी बारखाली जानार नाय." मग माझ्याकडे वळली. "ये ताई. पुन्हा चार पाट्या."

या वेळी ती थरथरली तरी मी हात आवरले. ती उठली. सरांनी परवानगी दिली, आणि मला काढायचं पुन्हा बोलले नाहीत.

आता क्लबात बऱ्याच मुली आहेत. सर दिसले की मी अजून झाडू घेऊन बाजूला होते. पण कधी तिच्यावर कुणी असं ओरडलं, तर "मीच, सर," म्हणत मी पुढं होईन.