धोंडुबाईच्या कमरेची बाटली

पेणच्या खारपट्ट्यातल्या त्या बालवाडीत शिकवायच्या अनिताबाई, पण बालवाडी चालायची मदतनीस धोंडुबाईच्या आवाजावर. तिनं ‘गप!’ म्हटलं की पोरं तर सोडाच, मिठागरातले बगळेही उडायचे.

बालवाडीतल्या चार वर्षांच्या भूमिकाला जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी, सोसत नसे. खाडीकाठी जन्मून जवळा नाही, याचंच धोंडुबाईला वाईट वाटे. पण एकदा पोरीचा चेहरा सुजून श्वास अडकला, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली आणि बजावलं, “पोर असेल तिथं ही हवी. कुलपात नको. ओठ सुजले की आधी एक चमचा, मग थेट माझ्याकडे. पुढचं इंजेक्शन मी देईन.”

अनिताबाईंनी बाटली धोंडुबाईच्या हवाली केली. झालं! तिनं कमरेच्या चंचीतून तंबाखूला हाकललं आणि बाटली बसवली. लग्नात बाटली, बाजारात बाटली.

“काय गो धोंडुबाय, दारू हाय का?” मिठागरातला मोरू चिडवायचा.

“तुझ्या तोंडाला लावायला नाय, मुडद्या!”

आणि एक दिवस लेकीला मुलगा झाला म्हणून ती रजा टाकून रोह्याच्या एसटीत बसली.

इकडे बालवाडीत शेजारी बसणाऱ्या करिश्मानं प्रेमानं भूमिकाला आपल्या डब्यातला घास भरवला. जवळ्याची चटणी! ओठ टम्म सुजले. अनिताबाई बाटली शोधतायत, आणि बाटली निघालीय रोह्याला!

मोरूनं सायकल काढली. एसटी हलली, मोरू मागे. “धोंडुबाय! भूमिका! चटणी!” धोंडुबाईनं घंटीची दोरी अशी ओढली की ड्रायव्हरनं जागीच ब्रेक दाबला. बाळंतविड्याचे लाडू सीटवरच राहिले. धोंडुबाई कॅरिअरवर बसली तशी पुढचं चाक हवेत उठलं.

“मार गो पायडल!” ती गड्यालाही घाईत बायांचं ‘गो’ म्हणाली.

चमचा पोटात गेला. गुणाजीनं मिठाचा टेम्पो रिकामाच पेणला पळवला. इंजेक्शन झालं. धोंडुबाईच्या मांडीवरची भूमिका हळूहळू मोकळा श्वास घेऊ लागली आणि म्हणाली, “मला लाडू.”

डॉक्टर हसले. मग विचारलं, “बाटली कुठं होती?”

“माझ्या कमरेला.”

“आणि पोर?”

धोंडुबाईनं कमरेची चंची सोडून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं बालवाडीच्या भिंतीत, पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंच, स्वतः खिळा ठोकला. चंचीसकट बाटली टांगली. अनिताबाईंना दहादा दाखवली, करिश्माच्या डब्यात डोकावली, मगच रोह्याची एसटी पकडली.

वाटेत मात्र हात सारखा कमरेकडे जात होता. तिथं बाटलीही नव्हती आणि तंबाखूही.