उजवी बाही ढगळ

ज्या गोष्टीला टेप लावता येत नाही, ती मी मानत नाही. बत्तीस वर्षं कोल्हापुरात शिवणकाम करतोय. अमावस्येला नवं कापड कापू नये म्हणतात, मी कापतो. दर शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्या बाईला दर शनिवारीच परत पाठवतो. या कॉलममधले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचतो, पण स्पष्ट सांगायचं तर बरेचसे मला थापा वाटतात. माझाही तुम्हाला तसाच वाटेल... वाटू दे. पटवून द्यायचा उत्साह आता माझ्यात राहिलेला नाही. एकदा लिहून मोकळं व्हावं, एवढंच.

त्या पावसाळ्यात राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीवर दरड कोसळली. वाडी अशी उरलीच नाही. वाचली ती आठ पोरं, कारण ती खालच्या गावात वसतिगृहात राहून शिकत होती. आईबाप, आज्जी, घरातली लहान भावंडं, सगळी वर वाडीत होती. या आठ जणांना कोल्हापुरात आणून राधानगरी रोडच्या एका मंगल कार्यालयात ठेवलं. ती व्यवस्था बघत होते मुल्ला सर. ते रिटायर्ड मास्तर आणि माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचा फोन आला, "बापू, पोरांना शाळंत घालायचंय. ड्रेस शिवायला माणूस पायजे." कापड कुणीतरी दिलं होतं. मी मशीन टेम्पोत घातलं आणि गेलो.

मला बसायला जी खोली दिली तिच्यावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती. आत कोपऱ्यात लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग. काखेत उसवलेले शर्ट, बटणं नसलेल्या पँटी, आणि त्यातच एक जरीची शेरवानी... दरडीत घर गेलेल्या माणसानं शेरवानी घालून कुठं जायचं, हे देणाऱ्यालाच विचारायला हवं होतं. रोज कुणीतरी यायचं, पोरांना बिस्किटं द्यायचं, फोटो काढून जायचं. पोरं सवयीनं रांगेत उभी राहायची. मला पहिल्या दोन दिवसांतच या सगळ्याचा कंटाळा आला होता. पोरांचा नाही... त्यांच्याभोवती जे चाललं होतं त्याचा. कंबर धरली होती, बाहेर पाऊस थांबत नव्हता, कापड दमट होऊन सुईखाली ओढलं जात होतं.

त्या आठांत सायली होती. अकरा वर्षांची, बारीक चणीची. जेवायला वाढलं की एक केळं खायची आणि एक फ्रॉकच्या ओच्यात घालून ठेवायची. विचारलं की म्हणायची, बारकीला. बारकी म्हणजे तिची पाच वर्षांची धाकटी बहीण. ती वाडीवर होती आणि मलब्याखालून ती काही सापडली नव्हती. सापडली नाहीत अशी आणखीही माणसं होती. सायलीचे मामा गडहिंग्लजहून आले, त्यांनी बहिणीचे, मेव्हण्याचे आणि बारकीचेही दिवस घातले. रविवारी ते सायलीला घेऊन जाणार होते. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाले, की पोरगी रोज केळं साठवते आणि रोज ते काळं पडतं, हे बघवत नाही... एकदा गावी नेली की विसरेल. मलाही ते पटलं होतं.

आता ती दुपार. बुधवार होता, तीनचा सुमार. पोरं जेवून वरच्या हॉलमध्ये झोपली होती, मुल्ला सर शाळेत प्रवेशाचं बघायला गेले होते. मी एकटाच कटिंग करत होतो. मागच्या दारात, म्हणजे स्वयंपाकघराकडच्या, एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल, हिरवी सुती साडी, डोक्यावर पदर. भिजलेली होती, पण त्या आठवड्यात कोण भिजलेलं नव्हतं? आत या म्हटलं, तर नको म्हणाली, पाय चिखलाचे आहेत. मला वाटलं, भांड्याला येणाऱ्या बायकांपैकी कुणी असेल.

"दादा, बारकीचं बी एक शिवा," ती म्हणाली. "पोर आली न्हाय, पण माप आणलंय."

तिनं हात पुढं करून एक चिंधी दिली. साडीच्या काठाची फाडलेली पट्टी, तिला तीन गाठी. आमच्याकडं खेड्यातल्या बायका असंच करतात, पोर बरोबर नसलं की दोऱ्याला नाहीतर चिंधीला गाठी मारून माप आणतात. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत खांद्याची रुंदी, दुसरीपर्यंत खांद्यापासून कंबर, तिसरीपर्यंत गुडघा. मी वही ओढली आणि चिंधी टेपला लावून आकडे लिहिले. ती सांगत होती, मी लिहीत होतो. खाली चार बोटं दाब ठेवा, म्हणजे पुढं उसवून वाढवता येईल. खिसा डाव्या अंगाला करा. आणि उजवी बाही ढगळ ठेवा, पार मनगटापर्यंत ढगळ.

मी म्हटलं, एक बाही मोठी आणि एक लहान, असला फ्रॉक बरा दिसेल का? माझं तोंड वाकडं झालं असणार. कामातनं काम वाढलं की माझं होतंच.

"प्लास्टर हाय हाताला," ती म्हणाली. "न्हायतर बाही वर चढायची न्हाय."

कधी न्यायला येणार विचारलं.

"मी न्हाय यायची. थोरलीकडं द्या."

मी चिंधी टाचणीनं वहीच्या पानाला टोचली. तशी माझी सवय आहे, मापाचा पुरावा पानावरच असावा. मान वर केली तेव्हा ती गेलेली होती. यात मला तेव्हा काहीही वाटलं नाही. लोक काम सांगून जातातच.

माझी चूक अशी, की मी कधीच यादीवरून कापत नाही. मी वहीवरून कापतो. वहीत नऊ मापं होती, मी नऊ ड्रेस शिवले. बारकी हे नाव वाचून सायलीची बहीण डोक्यातही आली नाही... आमच्याकडं घरटी एक बारकी असते. आणि खरं सांगू का, मी इतका दमलो होतो की नावांकडं लक्षच नव्हतं. मान, खांदा, कंबर, पुढचा.

शनिवारी सकाळी मुल्ला सरांनी पोरांना बोलावून ड्रेस वाटले. मामाही आलेले होते, दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणून सायलीचं सामान बांधत होते. आठ ड्रेस गेले आणि टेबलावर एक राहिला. सरांनी यादी पुन्हा वाचली. मी म्हटलं, तो बारकीचा.

सायली पुढं आली, तिनं फ्रॉक उचलला, छातीशी धरला. आणि माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलो ते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"पावणं, कशाला पोरीच्या जिवाला लावताय?" मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तिचं पाणी सोडलंय मी माज्या हातानं."

मी झालं ते सांगितलं. बाई आली, माप दिलं, शिवायला सांगितलं. सरांनी स्वयंपाकघरातल्या बायकांना बोलावलं. तिघीही नऊवारीतल्या, साठीच्या पुढच्या. बुधवारी दुपारी मागचं दार आतून लावलेलं होतं म्हणाल्या, कुत्री भांड्यात तोंड घालतात म्हणून. मी म्हटलं, उघडं होतं. त्या म्हणाल्या, लावलेलं होतं. यावर किती वाद घालणार...

मुल्ला सर तोवर फ्रॉक उलटासुलटा बघत होते. मास्तरांचे चूक शोधायचे डोळे ते. त्यांनी विचारलं, ही बाही अशी का?

"हाताला प्लास्टर आहे म्हणाली."

"कसलं प्लास्टर?" मामा म्हणाले. "पोर धडधाकट हुती."

पण मामा गडहिंग्लजला, सायली वसतिगृहात. दरडीच्या आधीच्या दोन-चार दिवसांत वाडीवर काय झालं हे सांगायला त्या हॉलमध्ये कुणीच नव्हतं. हे सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं असावं. सर खुर्ची ओढून फोन घेऊन बसले. आधी त्यांनी सगळ्या दवाखान्यांत चौकशी केलेली होती, पण ती वाडीचं नाव सांगून. आता त्यांनी एवढंच विचारलं, की पाच वर्षांची मुलगी, उजवा हात प्लास्टरमध्ये, सोबत कुणी नाही, अशी कुणी आहे का?

तिसऱ्या फोनवर पलीकडून कुणीतरी म्हणालं, हो, आहे.

आम्ही रिक्षातून गेलो. सर, मामा, मी आणि सायली. सायलीनं फ्रॉक सोडला नाही. वाटेत मामा एकच वाक्य दोन-तीनदा म्हणाले, दुसऱ्याचीच असंल, आस लावून घेऊ नका. ते सायलीला सांगत होते, पण बघत बाहेर होते.

वॉर्डात शेवटच्या खाटेवर ती बसलेली होती. सायली दारातच थांबली. बारकीनं तिला बघितलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "अक्का, आई अजून आली न्हाय की."

मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, ते लपवायचं काही कारण नाही.

नर्सबाईंनी सांगितलं ते असं. पोर माळ्यावरून पडून हात मोडला होता. दरडीच्या आदल्या दिवशी आई तिला एका दुधाच्या टेम्पोतून घेऊन आली. केसपेपर काढताना आई पोरीला धरून बसली होती, म्हणून टेम्पोवाल्यानंच माहिती सांगितली आणि गावाच्या जागी आपल्याच गावाचं नाव सांगून टाकलं. पोरीला नाव विचारलं तर तिनं बारकी सांगितलं, तेच लिहिलं. संध्याकाळी आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, की पोरीकडं जरा बघा, म्हशीची धार काढायची राहिलीय, उद्या परत येते. ती त्याच टेम्पोतून वाडीला परत गेली. रात्रीत दरड आली, आणि टेम्पोवालाही पुन्हा दवाखान्याकडं फिरकला नाही. शेजारच्या बाईला घरी सोडलं, आणि बारकी रोज दाराकडं बघत राहिली. मी वहीत माप लिहिलं तो बुधवार दरडीनंतरचा नववा दिवस होता.

फ्रॉक तिथंच घातला. ढगळ बाही प्लास्टरवरून सरळ वर गेली. खांदा, कंबर, लांबी, सगळं बोटभरही इकडंतिकडं नाही. मी ज्या पोरीला कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं तिचा तो फ्रॉक होता. डावा हात तिनं लगेच खिशात घातला आणि सायलीनं ओच्यातलं केळं काढून दिलं. ते काळं पडलेलं होतं. तिनं ते खाल्लं.

परत येताना मामांनी मोबाईल काढला. बहिणीचा लग्नातला फोटो होता त्यात. "पावणं, एकदा बघा," म्हणाले, "हीच हुती का तेवढं सांगा." मी म्हटलं, चष्मा दुकानात राहिला. चष्मा माझ्या वरच्या खिशात होता आणि मामांना तो दिसत होता. त्यांनी फोन परत ठेवला.

मुल्ला सर आजही म्हणतात, की दवाखान्यातलीच कुणीतरी बाई असणार, तिनं पोरीची दया येऊन माप आणलं. असेल. मग ती सरळ सरांना का बोलली नाही? पोरीची थोरली बहीण त्या कार्यालयात आहे हे तिला कसं कळलं? दार उघडं होतं की लावलेलं? मी यावर विचार करून करून थकलो. उत्तर कुणी आणून दिलं तरी ते मी टेपला लावून बघेन असंही आता वाटत नाही.

दोघी बहिणी मामांकडं गडहिंग्लजला असतात. यंदा मे महिन्यात मामा त्यांना जोतिबाला घेऊन आले होते, येताना माझ्या दुकानात आणलं. बारकीचा फ्रॉक आखूड झाला होता. मी दाब उसवला. चार बोटं ठेवलेली, ती चारही लागली, आता वाढवायला काही उरलं नाही. उजवी बाही मापात घेऊ का विचारलं, तर बारकी नको म्हणाली.

नवं माप घ्यायला मी जुनी वही काढली. त्या पानावर चिंधी अजून टोचलेली होती. सायलीनं ती बघितली, टाचणी काढली, गाठ बोटांनी चाचपली. मी तिला चिंधीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. मामांनीही नाही, त्यांना ती ठाऊकच नव्हती.

"ही आईची गाठ हाय," ती म्हणाली. "रेडकाच्या दाव्याला अशीच मारायची. वढली तरी सुटत न्हाय."

मी चिंधी ठेव म्हटलं तुझ्याकडं. तिनं ऐकलं नाही. बारकीला सरळ उभी केली, चिंधीचं टोक तिच्या खांद्यावर धरलं आणि खाली गुडघ्यापर्यंत ओढली. तिसरी गाठ आता गुडघ्याच्या चार बोटं वर येत होती. सायलीनं खाली वाकून, जिथं गुडघा आला तिथं चौथी गाठ मारली. तशीच. मग चिंधी माझ्या हातात दिली.

"ह्या मापाचा शिवा," ती म्हणाली. "न्यायला मी येते."

मी ती परत त्याच पानावर टोचली आणि फ्रॉक कापायला घेतला.