नंबर भावाच्या नावावर

पोळ्याचा आदला दिवस, रविवार, दुपारचे तीन. बँक खात्यात शहाऐंशी हजार दोनशे चाळीस रुपये. जागेवर हजर मी, बायको आणि एक गिऱ्हाईक. किलोभर काकडीचे चाळीस रुपये त्याने नुकतेच स्कॅन करून पाठवले होते. "आले का पाहून घ्या," तो म्हणाला. पाहायला खिशात हात घातला, तर फोन नव्हता.

आम्ही दर रविवारी वर्ध्याच्या बाजारात भाजी विकतो. दोन्ही क्रेट उलटे केले, पोतं झटकलं, गाडीखाली पाहिलं. बायकोच्या बटणाच्या फोनवरून लावला. दोनदा रिंग गेली आणि कोणीतरी कापली. पुन्हा लावला तर बंद. पडलेला फोन कोणी कापत नाही.

फोन साडेअकरा हजारांचा होता, तीन वर्षं वापरलेला. त्याचं मला एवढं वाटलं नाही. भाजी तोडताना हात ओले, मातीचे असतात, पॅटर्न लागत नाही, म्हणून मी लॉकच काढून टाकलं होतं. एटीएम कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवलेलं. कार्डावरचे आकडे आणि त्याच फोनवर येणारा ओटीपी, एवढ्यावर पैसे पाठवायचा पिन बदलता येतो. म्हणजे चोराच्या हातात फोन नव्हता, पूर्ण खातं होतं. आणि त्यातले चौऱ्याऐंशी हजार पाचशे मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचे. बुधवारपर्यंत भरले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद केली. मग सिम बंद करायला कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या मुलीने नाव विचारलं, सांगितलं. जन्मतारीख विचारली, सांगितली.

"सर, माहिती जुळत नाही. हा नंबर तुमच्या नावावर नाही."

बायको शेजारी ऐकत होती. ती म्हणाली, "अवो, ते छत्रीवालं सिम नाई का?"

तेव्हा आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी बसस्टँडवर छत्री लावून एक जण फुकट सिम देत होता. माझ्याजवळ कागद नव्हते, धाकट्या भावाच्या खिशात आधारची झेरॉक्स होती. घर एकच होतं. नंबर कोणाच्या का नावाने असेना! पुढे वाटणी झाली. आम्ही शेत वाटलं, बैल वाटले, फवारणीचे पंप वाटले, ताडपत्री मधोमध कापली. नंबर वाटायचा कोणाला सुचलं नाही.

बँकेच्या मदत क्रमांकाने कार्डाचा नंबर विचारला. कार्ड फोनच्या कव्हरमध्ये. मग त्यांनी नोंदलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. मी म्हणालो, तो मोबाइलच तर चोरीला गेला. ते म्हणाले, मग शाखेत जा. रविवारी शाखा बंद, सोमवारी पोळ्याची सुट्टी.

राहिला भाऊ. वाटणीपासून, म्हणजे दोन वर्षं, आम्ही बोलत नव्हतो. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा विहिरीकडचा तुकडा मला निघाला. मी चिठ्ठीची घडी ओळखून उचलली, असं त्याने चार लोकांत म्हटलं होतं.

उरलेली काकडी शेजारच्या बाईला पडत्या भावात देऊन आम्ही गावी आलो. भावाच्या गोठ्यात खांदशेकणी चालली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. भाऊ बैलाचा खांदा चोळत म्हणत होता, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मान वळवून त्याने मला पाहिलं.

"तुले कोणं आवतण देल्लं?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फीची रक्कमही सांगितली. तो खांदा चोळतच राहिला.

"म्हणजे नंबर माह्या नावावर हाय."

"हो."

"मंग दहा वर्साचं भाडं काढ."

"काय भाडं होते ते सांग, लिहून देतो."

"लिहून देनं तुले बराबर जमते," तो म्हणाला.

बायको मध्ये पडली. "भाऊजी, तिकडं कोनीतरी पोरीची फी काढून राह्यलं असंन. तुमी दोघं भाड्याचं उद्या पाहा."

त्याने दुसऱ्या बैलाकडे पाहिलं. त्याचा खांदा अजून राहिला होता. मग स्वतःच्या बायकोला हाक मारून तूप-हळदीची वाटी तिच्या हातात दिली आणि आधार कार्ड घेऊन माझ्या गाडीवर मागे बसला. माझी बायको त्याच्या मुलाच्या गाडीवर आली. आम्ही शेजारच्या आंजी गावाला निघालो.

सिमचं दुकान उघडं होतं. दुकानदाराने तक्रारीची प्रत घेतली, भावाचा फोटो काढला आणि अंगठा ठेवायला सांगितलं. मशीन लाल झालं. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल.

"हाताले काय लावलं, काका?"

"तूप-हळद."

साबण आला. भावाने मोरीवर हात धुतले, लुंगीला पुसले. तरी घेईना. तुपाने बोटं बुळबुळीत, आणि शेतकऱ्याच्या बोटांवर रेषा तशाही कमीच. दुकानदार म्हणाला, एकेक बोट लावून पाहू. तेवढ्यात भावाने हात मागे घेतला.

"दादा, आधी एक सांग. चिठ्ठ्यायची घडी कोणं केली होती?"

"मीच केली होती. दोन्ही सारख्या. चार घड्या."

"अन् उचलली कोणं?"

"पहिली तूच उचलली."

त्याने बोट पुन्हा लुंगीला पुसलं. मला वाटतं, हे तो विसरला होता, किंवा इतक्या लोकांत बोलून गेल्यावर विसरणंच त्याला सोयीचं होतं. दुकानदार हसू दाबत होता. बायको म्हणाली, "भाऊजी, बोट ठेवा. भांडन कुठं पळून नाई जात."

"मी भांडून नाई राह्यलो, वहिनी. इचारून राह्यलो," असं म्हणत त्याने डाव्या हाताचं मधलं बोट ठेवलं. हिरवं झालं.

त्या क्षणी जुनं सिम मेलं. सिमचे पन्नास रुपये भावाने दिले, कारण मी सुटे काढेपर्यंत त्याने नोट टेबलावर टाकली होती. नवं सिम बायकोच्या फोनमध्ये घातलं. दिवेलागणीच्या सुमाराला ते चालू झालं आणि पहिलाच संदेश आला: पिन बदलण्यासाठीचा ओटीपी. कोणीतरी कार्ड समोर ठेवून बसलं होतं. ओटीपी मात्र आमच्याकडे आला. पाठोपाठ दुपारचे दोन संदेश आले. पेट्रोल पंपावर पिनशिवाय, कार्ड नुसतं टेकवून कोणी दोन वेळा मिळून एक हजार चारशे ऐंशी उडवले होते. आता बँकेच्या मदत क्रमांकाला ओटीपी सांगता आला आणि कार्डही बंद झालं.

बुधवारी शाखेतून काढून कॉलेजमध्ये चौऱ्याऐंशी हजार पाचशे भरले, पावती घेतली. खात्यात उरले दोनशे साठ.

फोनचं खोकं आणि बिल मी ठेवलेलं होतं. त्यावरचा आयएमईआय नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून हँडसेटही बंद करवला. महिना-दीड महिन्याने संदेश आला की त्या फोनमध्ये दुसरं सिम पडलं आहे. पोलिसांनी हिंगणघाटच्या कापूस जिनिंगमधल्या एका कामगाराला बोलावलं. त्याने तो बिलाशिवाय अडीच हजाराला घेतला होता. त्याने फोन ठाण्यात आणून दिला, विकणाऱ्याचं नाव त्याला सांगता आलं नाही. त्याचे अडीच हजार गेले. मला वाईट वाटलं, पण मी काही दिलं नाही.

मग नंबर माझ्या नावावर करून घ्यायचा होता. भाऊ पुन्हा आंजीला आला, या वेळी हात धुऊन. बोट पहिल्याच खेपेला लागलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "भाडं किती झालं ते सांग."

"भाडं राहू दे. माहे सिमचे पन्नास दे."

मी पन्नासची नोट दिली, भावाला, दुकानाच्या पायरीवर. त्याने ती घेतली.