मरीआईचं बोकड आणि ग्रीक राजाची लेक

सोनाजी मास्तरांशी माझं लगीन लागलं तवा मला वाटलं, शिकलेला नवरा मिळाला, सुटले. कसलं सुटले! शाळेतून आले की हे ग्रीसच्या गोष्टी सांगणार अन् मी चुलीपुढं हुं हुं करणार. अख्ख्या आखाडा बाळापुरात कुण्या बायकोला ग्रीसचे देव पाठ असतील तर मलाच. ऐकून ऐकून कान किटले होते.

चौऱ्याहत्तरचा वैशाख होता. ह्यांना वसमतला बुद्धजयंतीचं भाषण करायचं होतं, अन् इकडं माझ्या सासूनं, चांगुणा आत्याबाईंनी, खाणं सोडलं. तापानं अंगात आधीच काही राहिलं न्हवतं. डाक्टरनं हात टेकले. मग एक दिवस धनगराचा मुंजाजी बोकड घेऊन दारात आला, तवा कळलं आत्याबाई काहून खात न्हाईत ते. त्यांनीच निरोप धाडला होता.

हे लहान असताना ह्यांना देवी आल्या होत्या. वाचायची आशा न्हवती, म्हणून आत्याबाई मरीआईला बोकड बोलल्या. लेकरू वाचलं. पण बोकड कापायच्या आधीच छप्पन्न साल आलं, साऱ्या वस्तीनं दीक्षा घेतली अन् देव टोपल्यात घालून कयाधू नदीत सोडले. आत्याबाईंनीबी आपल्या हातानं सोडले. नवस तेवढा सुटेना. बोकड त्यांनी मुंजाजीच्या कळपात ठेवलं, कान चिरून. कान चिरलेलं बोकड देवीचं, त्याला कुणी विकत न्हाई की कापत न्हाई. ते म्हातारं होऊन मेलं की दुसऱ्याचा कान चिरायचा. इतकी वर्षं हे चाललं होतं अन् घरात कुणाला पत्ता न्हाई. आता मरायच्या आधी फेडायचं, तोवर अन्न न्हाई, असं बाईनं ठरवलं होतं.

हे भडकले. खाटेजवळ बसून सगळं भाषणच सुनावलं मायला. ग्रीसचा एक राजा लढाईला निघाला, वारा पडला, जहाजं अडकली. देवीचा कोप झाला म्हणून त्यानं पोटची लेक बळी दिली. पुढं तिथले नाटकं लिहिणारे पुन्हा पुन्हा त्या पोरीपाशीच येऊन थांबले, की लेकरू मागते ती देवी कसली? तिथून माणसं देवालाबी बऱ्यावाईटाचं माप लावायला शिकली, अन् पुढं दुसऱ्या मुलखांतल्या, दुसऱ्या धर्मांतल्या लोकांनीबी तोच प्रश्न धरला. असं ह्यांचं म्हणणं. खरंच असेल. पण माय उपाशी पडलेली अन् हे भाषण पाठ करून राहिले, मला लई संताप आला.

आत्याबाई हलल्या न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. वस्तीतले कोंडीबा येऊन बजावून गेले, मास्तरच मरीआईपुढं बोकड कापायला लागले तर बाकीच्यांनी काय करावं. मी म्हणलं, लोकांचं मरू द्या, माय जगू द्या. मीबी थकले होते. दिवसभर बोकड दारात ओरडायचं अन् रातभर आत्याबाई कण्हायच्या.

शेवटी एका दुपारी ह्यांनी खुंट्याची दोरी सोडली. तोंड पार उतरलेलं. "माय, चाललो मी. देऊन येतो मरीआईला," म्हणाले.

आत्याबाईंनी तोंड इकडं केलं. "थांब. त्या पोरीच्या मायनं काय केलं रे?"

हे दोरी हातात धरून उंबऱ्यावरच बसले. सांगितलं, की ती वर्षानुवर्षं वाट बघत राहिली अन् राजा लढाई जिंकून घरी आल्यावर तिनं त्याला मारून टाकलं.

"देवीला काही न्हाई केलं?"

"न्हाई."

"मंग तिला बराबर ठाव व्हतं, पोरगी कोनं मारली ते." जरा दम घेऊन म्हणाल्या, "मलाबी मरीआईनं कुठं मागितलं व्हतं? मीच बोलले. दे ते बोकड मुंजाजीला."

मला हायसं वाटलं. ह्यांनाबी वाटलं असेल. पण आत्याबाईंच्या डोळ्यांत भ्याव उतरलं.

"पर मंग तुला वाचवलं कोनं, सोन्या?"

ह्यांच्या हातातली दोरी सुटली, बोकड अंगणात गेलं.

"तूच की, माय. कडुनिंबाचा पाला माझ्या अंगाखाली घालून, माशा वारत बसली व्हतीस. झोपली न्हाईस. तूच वाचवलं मला."

आत्याबाई रडायला लागल्या. ह्या घरात आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं न्हवतं. मी कण्यांची पेज पुढं केली. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली, पण लगेच तोंडाला लावली न्हाई.

"लई थकले व्हते रे मी तवा," म्हणाल्या.