दोन पायऱ्यांच्या मधला गंधार

श्रुतीमास्तर कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी कान टवकारत. विहिरीचा रहाट कुरकुरला तरी त्यांचा चेहरा उतरे. "सूर सरकला," म्हणत. चिंचणीच्या शाळेत ते गाणं शिकवत. मी तिथली नवी शिक्षिका, वर पेटीवाली. त्यामुळे आमचं जमण्यातलं नव्हतं.

"बाई, पेटी म्हणजे जिना. दोन पायऱ्यांच्या मधे माणसानं उभं कुठं राहायचं?"

"उभं राहायचंच कशाला?" मी म्हणे. मग दिवसभर अबोला.

तो मधला गंधार त्यांना वाणगावपलीकडच्या आदिवासी पाड्यावर सापडला, म्हाताऱ्या लखमाच्या तारप्यात. दुधीभोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य कोमल आणि शुद्ध गंधाराच्या बरोबर मधे बोले. मास्तर दोन वर्षं तिथं जात राहिले. जुनं ध्रुपद घ्यायचं, त्याला तंबोरा, स्वतःचा दिलरुबा आणि हा तारपा, अशी एक छोटी बैठक करायची, एवढंच डोक्यात. पण झोप उडालेली. "लोक बेसूर म्हणाले तर लखमा परत यायचा नाही हो."

लखमा शांत. "हा बापाचा सूर हाय, मास्तर. आमी बदलत नाय."

बैठकीला तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे साहेब येणार होते. तासभर आधी मी तारपा पेटीशी ताडून पाहिला, तर गंधार जुळेना. मास्तरांचं हसं होणार. लखमा हातपाय धुवायला गेला होता. मी एका छिद्राच्या आतल्या कडेला मेणाचा कण दाबला. सूर पेटीशी जुळला. मी खुशीत.

बैठकीत गंधार आला आणि मास्तरांचा गज क्षणभर थांबला. लखमा स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिला. मास्तरांनी दिलरुब्याचा पडदा हळूच सरकवला आणि त्याच्या चुकलेल्या सुराला साथ दिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

लखमानं चहाही घेतला नाही. "बोटं म्हातारी झाली, मास्तर. बापाचा सूर गेला. आता नाय वाजवत."

मास्तर ओटीवर डोकं धरून बसले. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "चला," एवढंच म्हणाले.

पाड्यावर पोचल्यावर मी लखमाला छिद्रातलं मेण दाखवलं. लखमानं नखानं मेण खरवडलं, फुंकर घातली आणि मधला गंधार परत आला. मास्तर उघड रडले. लखमा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाय, इचारायचं तरी."

मास्तरांनी चिंचणी सोडली तेव्हा दिलरुबा माझ्याकडे दिला. मधल्या गंधाराचा पडदा त्यांनी लाल दोऱ्यानं बांधला होता. "हा सांभाळा," म्हणाले. पुढं भेट झाली नाही.

दोरा मी दोनदा बदलला, पडदा तसूभर हलू दिला नाही. घरात कुणी त्या दिलरुब्याला हात लावला की मी हातातलं काम टाकून धावते, आणि कान देऊन उभी राहते.