खिंडीची वाट

आमच्या गावात कारणाशिवाय कोणी पळत नाही. कोणी पळताना दिसलं की साप चावला असेल, आग लागली असेल, नाहीतर कोणीतरी गेलं असेल, एवढंच लोकांना माहीत. म्हणून मी पहिल्यांदा पहाटे ओढणी कमरेला बांधून खिंडीकडे पळत सुटले, तेव्हा शेवटच्या घरातले म्हातारे काका काठी घेऊन बाहेर आले आणि विचारू लागले, "कोन गेला गो?" मी म्हटलं, "कोन नाय, काका. मीच चाललेय," आणि थांबले नाही. संध्याकाळपर्यंत अंगणवाडीच्या बाईंचं डोकं फिरलंय ही बातमी गावभर झाली होती.

डोकं फिरलं नव्हतं, तापलं होतं. आमचं गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. माझं माहेर त्याच डोंगराच्या पलीकडे, वरच्या वाडीत. मध्ये खिंड. माझं लग्न झाल्यापासून आई त्या खिंडीतून चालत माझ्याकडे येते. डोक्यावर पाटी, पाटीत नाचणीचं पीठ, उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाजी. घटकाभर टेकते, माझ्या मुलांना जवळ घेते, उरलेला माल धसईच्या बाजारात विकते आणि दिवस मावळायच्या आत परत जाते. डांबरी रस्ता झालाय, पण तो डोंगराला लांबलचक वळसा घालतो आणि आईला जीप सोसत नाही. पहिल्या वळणाला मळमळतं, दुसऱ्याला ओकारी होते. दोनदा बसवून पाहिलं, मग तिने हात जोडले. म्हणजे वाट आहे तोवर आई येणार. वाट बंद झाली की तिचं येणं बंद.

आणि वाट बंद झालीच होती. खिंडीखालची माळजमीन बाहेरच्या कोणीतरी प्लॉट पाडायला घेतली आणि होळीनंतर वाटेवर आडवी काटेरी तार मारली. त्यांचा एजंट मात्र आमच्याच भागातला, गाडीची किल्ली बोटात फिरवत बोलणारा. तो म्हणाला, इथे वाटच नाही, रस्ता झाल्यापासून इथून येतंय कोण? त्यात थोडंफार खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. आमची तरणी पोरं टोकावड्याला चहा प्यायलासुद्धा मोटारसायकल काढतात.

आम्ही तक्रार केली. तहसिलातले साहेब पाहणीला येणार असं कळलं, आणि तिथे आमच्या गावाने जो पराक्रम केला त्याला तोड नाही. साहेब येणार, त्यांच्या कपड्यांना काटा लागला तर गावाची काय अब्रू राहील, म्हणून आदल्या दिवशी बायाबापड्यांसकट सगळे कोयते घेऊन गेले आणि अख्खी वाट लख्ख करून ठेवली. मीही त्यात होते. साहेबांनी ताजी कापलेली खोडं पाहिली, ओला चीक पाहिला. एजंट हसून म्हणाला, "साहेब, ही तर कालची वाट." आम्ही आमच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. निकाल लागेपर्यंत तारेत माणूस जाईल एवढी फट ठेवा, असं त्याने एजंटला बजावलं. मग आम्हाला म्हणाला, "पावसाळा जाऊ द्या. दिवाळीच्या सुमाराला मी परत येतो. वापरातल्या वाटेवर गवत उभं राहत नाही. तेव्हा जे असेल ते दिसेल."

गावाने मान डोलावली आणि गाव लावणीला लागलं. त्यात कोणाला दोष द्यायचा? चिखलात दिवसभर वाकल्यावर डोंगर चढायची हौस कोणाला असणार. पण मी ठरवलं होतं, कोणी येवो न येवो, मी रोज जाणार. अडचण वेळेची होती. पाणी, भाकऱ्या, मग अंगणवाडी उघडायची. चालत खिंडीपर्यंत जाऊन यायला वेळ पुरत नव्हता. पळत गेलं तर पुरत होता. म्हणून पळायचं, दुसरं काही नाही. नवरा म्हणाला, "पोलीस भरतीचं वय गेलं तुझं." मी म्हटलं, "तुम्ही चूल पेटवून ठेवा, भरतीचं मी बघते." कुरकुरत का होईना, तो चूल पेटवायला लागला.

पहिल्या आठवड्यात छातीचा भाता झाला. दोनदा घसरून पडले, एकदा तर थेट बांधावरून खाचरात, आणि शेजारणीने लावलेला भात मोडला म्हणून तिची बोलणीही खाल्ली. प्लास्टिकच्या चपला चिखलात राहायच्या. शेवटी मुरबाडला जाऊन पोरं भरतीच्या सरावाला घालतात तसले बूट आणले.

पळणारे दुसरेही होते. रविवारी ठाणे-डोंबिवलीकडची मुलंमुली रंगीत बूट घालून, पाठीवर पाण्याच्या पिशव्या लावून आमच्या डोंगरात पळायला येत. आधी मला त्यांचं हसू यायचं. सुखाचा जीव दुःखात घालायला हे इतक्या लांब येतात. एकदा त्यांच्यातल्या एका उंच मुलीने मोबाईल पुढे करून विचारलं, "मावशी, इथून वर रूट आहे का? नकाशात दिसत नाही."

"नकाशात नसंल. हाय वाट. चला माझ्यासंगती."

त्या दिवशी मी पुढे आणि पाच-सहा जण धापा टाकत मागे. तारेच्या फटीतून एकेकाला वाकून काढलं. प्लॉटचा राखणदार बघतच राहिला. त्या मुलीने मला चढावर पावलं लहान टाकायला शिकवलं, आणि उतारावर पायाशी न बघता चार हात पुढे बघायला. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "आम्ही येत राहू." आणि आली. पावसाळाभर रविवारी त्यांची पावलं माझ्या पावलांवर पडत गेली.

खिंडीत पोचले की मात्र मला वळावं लागे. पलीकडे वाट वाडीपर्यंत उतरते, पण तिकडे जायला वेळ कधीच नव्हता, आणि रविवारची मंडळीही गाड्या खाली असल्यामुळे तिथूनच फिरत. श्रावणात तर पलीकडे नुसतं धुकं. तिकडे गवत वाढत असणार हे मला कळत होतं. फोनवर आईला सांगायचे, "पावसाची येऊ नको हां आये, घसरशील." ती म्हणायची, "नाय येत."

दिवाळीच्या आधी साहेब आला. या वेळी कोणी कोयत्याला हात लावला नव्हता. दोन्ही अंगांना गवत छातीपर्यंत, आणि मधून खिंडीपर्यंत उघडी, तुडवलेली वाट. साहेब खुशीत दिसला. तेवढ्यात एजंट खाली वाकला आणि सुकलेल्या चिखलावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा साहेब, सगळे बुटाचे ठसे. ही पळायची जागा आहे, वहिवाटीची वाट नाही. ती वाडीला जात असेल तर खिंडीपलीकडे दाखवा ना."

माणसाने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. साहेब खिंड ओलांडून पुढे निघाला आणि मी मागून, पाय ओढत.

पलीकडे वाट होती. आमच्या बाजूएवढी रुंद नाही, जेमतेम एका माणसाची, पण खालपर्यंत उघडी. चिखलात अनवाणी पावलं सुकलेली होती, जाणारी आणि येणारी, आणि त्यांच्या शेजारी काठी टेकल्याची भोकं. उजवा पाय किंचित बाहेर पडलेला. तो पाय मी लहानपणापासून ओळखते. बाजाराला जाताना त्याच पायामागून मी चालायचे.

वाडीत पोचलो तेव्हा आई अंगणात नाचणी झोडत होती. साहेबाने विचारलं, "आजी, खिंडीपर्यंत कोण जातं हो?"

"मी जातं. दुपारची, शेरडा घेऊन."

"कशासाठी?"

आईने माझ्याकडे बघितलंच नाही. "पोर तिकडून खिंडीपोत येते न् माघारी जाते. धुका नसला का अंगणातून दिसतं ना मला. तिला येल नाय. मग इकडची वाट कोनी राखायची?"

म्हणजे ती सगळा पावसाळा मला बघत होती. हाक मारली असती तर मी थांबले असते, आणि थांबले असते तर अंगणवाडीला उशीर झाला असता, म्हणून तिने एकदाही हाक मारली नव्हती. मी तिथेच, साहेबासमोर, अंगणात बसून रडले. एजंट किल्ली खिशात घालून दुसरीकडे बघत उभा राहिला.

पुढच्या महिन्यात हुकूम आला आणि तार निघाली. आई पाटी घेऊन पहिल्यासारखी येऊ लागली. पण ती आता थकलीय, वर्षानुवर्षं येईल अशी खोटी आशा मी धरत नाही, आणि हुकूम निघाला म्हणून गवत वाढायचं थांबत नाही. म्हणून मी आता पहाटे आणखी लवकर उठते आणि खिंडीत वळत नाही. थेट वाडी गाठते. आई अंगणात उभी असते. मी दम खात उभी राहिले की पाण्याचा तांब्या पुढे करते आणि म्हणते, "पी, न् पळ आता. पोरा खोळंबली असतील तुजी."